नारळ एकदाच फुटतो

पनवेलला रस्त्यांची कमी नाही. कमी आहे ती रस्त्याला एकच धनी असण्याची. मुंबईकडून येणारा सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. कळंबोलीला सुरू होणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा. उरणच्या बंदराकडे कंटेनर नेणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे वळणाऱ्या महामार्गाचा इंदापूरपर्यंतचा तुकडाही त्यांच्याकडेच. चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू एमएमआरडीएचा. खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती सिडकोने वसवल्या आणि २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाल्यावर तिथले रस्ते कोणी बघायचे यावर वर्षानुवर्षे पत्रापत्री चालली. रेल्वेवरच्या उड्डाणपुलांची तर आणखी निराळी तऱ्हा: रुळांवरचा मधला गाळा रेल्वेचा, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते दुसऱ्या कोणाचे तरी. जुलैत दुचाकीवाला ज्या खड्ड्यात आपटतो तो खड्डा एकच, पण त्याची तक्रार नेण्याचे पत्ते अर्धा डझन.

यातले बहुतेक रस्ते बांधताना भूमिपूजन झाले, नारळ फुटले, उद्घाटनाच्या फिती कापल्या गेल्या. त्यानंतरच्या तीस-चाळीस, कधी शंभर वर्षांच्या कामाला मात्र कार्यक्रम नसतो. गटारे साफ करणे, पुलाच्या सांध्यांतली माती काढणे, झिजलेली बेअरिंगे बदलणे याची पत्रिका कोणी छापत नाही. कोकणातल्या घरांची पावसाआधी शाकारणी होते, तेव्हा छत गळायची वाट कोणी पाहत नाही. रस्ते आणि पुलांच्या बाबतीत आपला कारभार नेमका उलटा आहे.

याचे सर्वांत कडवट उदाहरण पनवेलहून निघणाऱ्या गोवा महामार्गावरच आहे. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्यावरून फक्त मुंबईच्या दिशेने जाणारी वाहने सोडली जात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस सावित्रीला घेऊन खाली आला आणि अंधारात जुना पूल गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही लहान वाहने प्रवाहात गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. गढूळ पाण्यात गाड्या सापडेनात, म्हणून क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपावा लागला.

त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला होता, असे नंतर सरकारकडूनच सांगण्यात आले. या एका गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे. पाहणी झालीच नाही, असा प्रकार नव्हता. पाहणी म्हणजे काय, हा खरा प्रश्न होता. पुलावर उभे राहून कठडे, रस्ता आणि कमानींचे दगड दिसतात. पाण्याखालच्या पायाभोवतीची वाळू-माती पुराने किती ओरबाडून नेली आहे, ते वरून दिसत नाही. त्यासाठी पाणी उतरल्यावर पात्राची खोली मोजावी लागते, पाणबुड्या उतरवावा लागतो आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी यंदाचे आकडे ताडून पाहावे लागतात. मागच्या वर्षीचे आकडेच नसतील तर यंदाच्या पाहणीला अर्थ तो किती?

वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मनात आणले तर यंत्रणा किती वेगाने हलते, याचा हा पुरावाच म्हणायचा. मनात आणायला काय घडावे लागले, तेही त्यातच आले.

सावित्रीनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्राने ‘इंडियन ब्रिज मॅनेजमेंट सिस्टीम’ सुरू केली. राष्ट्रीय महामार्गांवरच्या प्रत्येक पुलाला आणि मोरीला क्रमांक द्यायचा, अक्षांश-रेखांश, बांधणीचा प्रकार आणि वय नोंदवायचे, तपासणी करून ० ते ९ या श्रेणीत गुण द्यायचे आणि कोणाची दुरुस्ती आधी ते त्यावरून ठरवायचे, अशी ही पद्धत. पहिल्या फेरीत लाखावर पूल-मोऱ्यांची नोंद झाली आणि त्यांतल्या १४७ ठिकाणी ताबडतोब लक्ष द्यायला हवे, असे आढळले. म्हणजे देशात पूल किती आणि कोणत्या अवस्थेत आहेत याची एकत्र वही, निदान राष्ट्रीय महामार्गांपुरती, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी तयार झाली.

अमेरिकेचा अनुभव वेगळा नाही. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा ‘सिल्व्हर ब्रिज’ गर्दीच्या वेळी पडला आणि ४६ माणसे गेली. साखळीतल्या एका लोखंडी पट्टीला पडलेली बारीक भेग त्याला पुरली. त्यानंतर तिथे पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय नियम आले. प्रत्येक देशाला आपापला सावित्री पूल लागतो, असे दिसते.

पनवेलच्या परिसरात पुलांचा खरा शत्रू मात्र पूर नसून खाडी आहे. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपते. आतल्या सळईपर्यंत ते पोचले की गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पुलाच्या पोटाशी तपकिरी ओघळ दिसू लागले की समजावे, काम बरेच पुढे गेले आहे. अभियंता हातोडीने ठोकून पाहतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर त्या जागी खडूने गोल काढतो. मग रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी आणि सळईच्या गंजाचा अंदाज देणारे विद्युत मोजमाप असे पुढचे सोपस्कार. पूर्वताणित काँक्रीटच्या पुलात ही लढाई अधिक अवघड, कारण सारा भार पेलणाऱ्या ताणलेल्या तारा नळीत बंदिस्त असतात. त्या तुटत आल्या तरी बाहेरून पत्ता लागत नाही.

सायन-पनवेल रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांना या दुखण्याचा इतिहास वाशीच्या खाडीवर बघायला मिळतो. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला. फार वर्षे लोटली नाहीत तोच त्याच्या गर्डरमधल्या तारांना गंज लागल्याचे दिसले, दुरुस्त्या कराव्या लागल्या, बाहेरून जादा तारा ताणाव्या लागल्या. शेजारी दुसरा पूल १९९७ मध्ये आला. तिसऱ्याची एक बाजू ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि दुसरी २०२५ मध्ये सुरू झाली. गोव्यात तर याहून वाईट घडले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पणजीला मांडवीवर बांधलेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. शतकभर टिकावा अशा अपेक्षेने बांधलेल्या वस्तूचे आयुष्य जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे निघाले.

रस्त्याची गोष्ट पुलापेक्षा सोपी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्षही जास्त. डांबरी रस्त्याचे दोन वैरी: पाणी आणि वजन. पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आत शिरते, वरून चाक गेले की ते दाबाखाली खडी आणि डांबर सुटे करते, पुढच्या चाकाला ती खडी उडते. भेग भरायला डांबराची किटली पुरते. भेगेचा खड्डा झाला की पॅचवर्क लागते, आणि खालचा थर भिजून बसला की रस्ता उकरण्यावाचून इलाज नाही. पायरीगणिक खर्च कित्येक पटींनी वाढतो.

वजनाचे गणित तर फसवे आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवून नुकसान मोजले गेले. त्यातून निघाले, की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळा पट. कारच्या एका अ‍ॅक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या अ‍ॅक्सलवर दहा टन धरले, तर ट्रकचा एक अ‍ॅक्सल गेला म्हणजे कारचे एक लाख साठ हजार अ‍ॅक्सल गेले. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ कागदावर तेरा टक्के दिसते, चौथ्या घाताने झीज साठ टक्क्यांनी वाढते. कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, तिथले ट्रक टर्मिनल आणि बंदराचे कंटेनर यांचा भार ज्या रस्त्यांवर आहे, तिथे मोटारवाल्यांनी एकमेकांच्या नावाने बोटे मोडण्यात काही अर्थ नाही. लोखंडाच्या कॉइल वाहणारा जादा भरलेला एक ट्रेलर वजनकाट्यावर अडवणे हीसुद्धा रस्त्याची दुरुस्तीच.

पूर्वी बांधकाम खात्यात मैलकुली असत. ठरलेल्या पट्ट्यावर घमेले-फावडे घेऊन साइडपट्टीचे गवत काढायचे, मोरीचे तोंड मोकळे ठेवायचे, लहान खड्डा दिसताच बुजवायचा, हे त्यांचे काम. मोरी कुठे तुंबते, पाणी कुठून रस्त्यावर चढते, हे त्या माणसाला नकाशाशिवाय ठाऊक असे. ही पदे ओसरत गेली आणि देखभाल कंत्राटात गेली. कंत्राटाचा दोष नाही. पण कंत्राटात जे लिहिले तेच होते, आणि मोरीतला गाळ लिहून घ्यायचा राहून गेला तर तो तिथेच राहतो. पुलाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ हे त्याचे ठळक चिन्ह. चार पानांचे रोप असताना ते हाताने उपटता येते, मुळे दगडी बांधकामात उतरली की दगड सैल करूनच थांबतात.

तपासणीचा कागद हातात असूनही पूल पडतो, ही दुर्लक्षाची आणखी एक जात. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीबाहेरचा हिमालय पादचारी पूल पडला आणि सात जण गेले. त्याआधीच्या ऑडिटने तो किरकोळ दुरुस्तीवर वापरायोग्य ठरवला होता. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, नव्या पुलाचा निधीही मंजूर झाला होता. पहिल्या ठिकाणी निदान चुकले. दुसऱ्या ठिकाणी निदान बरोबर असूनही उपचार फायलीतच राहिला.

उलट, वेळीच घेतलेला निर्णयही याच परिसरातला सांगता येतो. खंडाळ्याचा १८३० सालचा अमृतांजन पूल द्रुतगती मार्गाच्या ऐन घाटात होता आणि त्याच्या खांबांपाशी वाहतूक चेपली जात होती. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, नियंत्रित स्फोटांनी तो पाडण्यात आला. हळहळ वाटणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती, पण पूल किती वर्षे राखायचा याच्याइतकेच तो कधी काढायचा, हेही याच वहीत लिहायचे असते. त्याच घाटात जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, तेव्हा कळले की रस्त्याच्या मालमत्तेत रस्त्यावर झुकलेला डोंगरही मोजायला हवा. त्यानंतर कड्यांना पोलादी जाळ्या बसल्या. आता त्या जाळ्यांचीही देखभाल आली.

कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. काँक्रीटचा रस्ता साधारण तीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात. २०२० मध्ये टोलवसुली आणि देखभालीचे काम ८,२६२ कोटी रुपयांच्या बोलीवर पुन्हा आयआरबी या कंपनीकडे गेले, त्याची मुदत २०३० च्या एप्रिलअखेर संपते. म्हणजे हिशेबातली तीस वर्षे भरत असतानाच हा रस्ता महामंडळाच्या हाती परत येईल. तेव्हा काँक्रीटच्या किती पाट्यांना तडे आहेत, सांध्यांतले सीलंट कुठे कुठे गेले आहे, घाटातल्या पुलांची बेअरिंगे शेवटची कधी बदलली, गटारांचा उतार शाबूत आहे का आणि जाळ्यांच्या खिळ्यांना गंज किती, याची यादी ताबा घेण्याच्या आदल्या आठवड्यात करून भागणार नाही. ती आतापासून दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, त्याच खांबांपाशी, त्याच क्रमाने भरत जावी लागेल. टोलचा हिशेब रोजच्या रोज लिहिला जातोच.