आधी बोअरचे पाणी बघा, मग टाइल

नव्या घराचे प्लास्टर आटोपले की सगळे कुटुंब टाइल्सच्या दुकानात जाते. तिथे सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती काळी, आरशासारखी चकचकीत टाइल. दुकानातल्या दिव्यांखाली ती दिसतेही देखणी. पण जळगाव-धुळ्याकडे घर बांधणाऱ्याने ती बाथरूमला लावू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण आपल्या जमिनीखालचे पाणी.

जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, धुळ्याला तापीचे आणि नकाणे तलावाचे. मात्र शहराबाहेरच्या नव्या प्लॉटवर आणि मळ्यातल्या घरांत वापराला बहुधा बोअरच असते. काळ्या खडकातून आणि तापीकाठच्या गाळातून झिरपताना हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे; दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा, तुमच्या बोअरचा आकडा ५०० आहे. म्हणजे एक लिटर पाणी पुरते आटले तर मागे साधारण अर्धा ग्रॅम क्षार उरतो. एरवी भिंतीवरचा थेंब पुसायला तरी वेळ मिळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की तो बघता बघता वाळतो आणि मागे पांढरे कडे सोडतो. रोज चार-पाच माणसांची आंघोळ होते. थोड्याच दिवसांत काळ्या टाइलवर राखाडी पापुद्रा चढतो.

म्हणून दुकानातून पसंतीच्या दोन-तीन टाइल्सचे नमुने घरी मागून आणा. त्यांच्यावर बोअरचे पाणी शिंपडा, उन्हात वाळू द्या, पुन्हा शिंपडा. आठवडाभरात कोणती टाइल डाग मिरवते आणि कोणती पोटात घालते ते घरातल्या सगळ्यांना दिसेल. फिकट राखाडी, वाळूच्या किंवा बदामी रंगाच्या मॅट टाइल्स या परीक्षेत बहुतेक वेळा उतरतात.

चढलेला क्षार काढायला बहुतेक घरांत ॲसिडची बाटली येते, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. टाइलची चकाकी ते ॲसिड बऱ्यापैकी सोसते. दोन टाइल्समधला सांधा सोसत नाही. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा क्षाराबरोबरच विरघळतो, पाणी टाइलमागे शिरते आणि पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल धरते. नळांचे पॉलिशही काळे पडते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा लिंबूसत्वाचे पाणी थोडा वेळ लावून लगेच धुणे बरे. शेवटच्या आंघोळीनंतर भिंतीवरून एकदा वायपर फिरवला तर त्याचीही गरज कमी पडते.

सांध्याचा विचार म्हणूनच टाइलइतकाच करावा. शेतातून आलेल्या माणसाच्या पायांबरोबर काळी माती येते, रावेर-यावलकडे केळीचा चीकही येतो. जमिनीवर पांढरा सांधा टिकत नाही. राखाडी रंगाचा इपॉक्सी सांधा महाग पडतो, पण पाणी पीत नाही आणि डाग धरत नाही. सगळीकडे परवडत नसेल तर निदान जमीन आणि भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग त्यानेच भरा. इथे हात आखडता घेऊ नये.

भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स वेगळ्या असतात, हे दुकानदार घाईत सांगायचे विसरतो. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, विट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सिरॅमिक टाइल सिमेंटवर बसवायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि पुढे पोकळ वाजते. विट्रिफाइड सिमेंटला नीट धरत नाही. तिला ॲडहेसिव्हच हवे. आखाजीच्या आत वास्तुशांत उरकायची म्हणून अनेक घरांत हे काम ऐन चैत्रातल्या उन्हात चालते. तेव्हा ॲडहेसिव्ह थोडे थोडे कालवावे आणि भिंतीवर तेवढेच पसरावे.

जमिनीवर मात्र घसरण हाच पहिला प्रश्न. घरात आजी-आजोबा असतील, आणि आपल्याकडे बहुधा असतातच, तर कॅटलॉगमध्ये ‘आर’ पुढचा आकडा विचारा. तो ९ पासून १३ पर्यंत असतो. त्याची चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून करतात. अनवाणी पावलांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे आणि तिची चाचणी साबणाच्या पाण्यावर होते. बाथरूमला निदान ‘बी’ मागावी. ती माहिती मिळाली नाही तर ‘आर १०’ किंवा ‘११’ घ्यावी. बारा बाय बाराची लहान टाइल मला इथे जास्त पटते. सांधे जास्त असल्याने पाय धरतो आणि ढाळही नीट काढता येतो. दोन बाय दोनची टाइल ढाळासाठी तिरपी कापावी लागते.

पाच बाय आठच्या बाथरूमचा हिशेब सोपा आहे. सात फुटांपर्यंतच्या डॅडोला दार वजा जाता सुमारे १६५ चौरस फूट लागतात, म्हणजे एक बाय दोनच्या ८३ टाइल्स. तुटफूट धरून ९०. जमिनीला ४०, वर चार-पाच. माल बहुतेक गुजरातेतल्या मोरबीचा असतो. पुढच्या गाडीत तोच रंग येईल याची खात्री नसते, म्हणून सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का ते उतरवतानाच बघा. एक खोके माळ्यावर राखून ठेवा. पुढे नळाची पाइप फुटली तर तेच कामाला येते.

ढाळ ८० ला १ धरला तर आठ फुटांत साधारण सव्वा इंच उतार हवा. जमीन बसली, मसाला पुरता सुकलेला नाही आणि सांधे अजून भरायचे आहेत, अशा वेळी कारागीर उभा असतानाच दाराशी एक तांब्या पाणी हलकेच ओता. ते सगळे जाळीकडे गेले तर ठीक. कुठे डबके राहिले तर ती टाइल त्याच वेळी उचलायला लावा. सांधे भरल्यावर तेच काम तोडफोडीचे होते.