गरुड मोजण्याची उमेदवारी

सुतारकाम शिकायचे तर सुताराच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. पक्षिशास्त्रातही अशी उमेदवारी असते, आणि तीत पहिले काम वाट्याला येते ते मोजणीचे!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात हॉक माउंटन नावाचे अभयारण्य आहे. पूर्वी शरद ऋतूत बंदूकवाले येथे जमत आणि दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड गंमत म्हणून पाडीत. रोझली एज या बाईंनी १९३४ साली हा डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, राखणदार नेमला आणि गोळीबार थांबवला. मॉरिस ब्राउन या राखणदाराने त्याच वर्षी मोजणी सुरू केली. १९७६ पासून निरनिराळ्या देशांतले तरुण येथे काही महिने राहून ही विद्या शिकतात.

पक्षी नेमके याच डोंगरावरून का जातात? वारा डोंगररांगेवर आदळला की त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. या चढत्या हवेवर पंख पसरून पक्षी मैलोन् मैल तरंगत जातो. अंगातली चरबी वाचते. (भर दुपारी गावावर घिरट्या घालणारी घार पाहा. तिला तापलेल्या जमिनीवरची हवा उचलते, एवढाच फरक.)

उमेदवाराने पक्ष्यांची संख्या आणि वारा-हवामान वहीत टिपायचे. पक्षी दूर असतो, रंग दिसत नाही. तेव्हा पंखांचा आकार आणि उडण्याची ढब यांवरून जात ओळखायची. पण खरा कस लागतो तो वय ओळखताना. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे पिल्लू पहिल्या वर्षी काळपट असते. डोके पूर्ण पांढरे व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात.

एवढ्याशा नोंदीने काय साधते? १९३५ ते १९३९ या काळात येथे दिसलेल्या या गरुडांपैकी ४० टक्के वर्षाच्या आतली पिल्ले होती. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू! नुसती डोकी मोजणाऱ्याला गरुड दिसतच राहिले असते. पुढची पिढी उभी राहत नाही, हे वयाच्या रकान्याने सांगितले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हेच आकडे मांडले. कारणाचा उलगडा पुढे झाला. डीडीटी माशांतून गरुडाच्या शरीरात साचते. त्यापासून बनणारे डीडीई अंड्याच्या कवचात कॅल्शियम नीट बसू देत नाही, आणि असे पातळ कवच उबवणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच फुटते. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला. २००७ साली हा गरुड तेथील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.