रेशीम अळीचे आतडे आणि सूक्ष्मकणांचा उपाय

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून पूर्वेस निघणारा मार्ग जालन्यास जातो. जालन्यात 2018 साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि मराठवाड्यातील तुती उत्पादकांना कोषविक्रीची सोय जवळच झाली. परंतु कोषाचे वजन बाजारात नव्हे, तर अळीच्या आतड्यात ठरते. पाचव्या अवस्थेत अळी आपल्या एकूण आहारापैकी सुमारे 80 टक्के पाला खाते. त्यातील प्रथिने आतड्यातून शोषली जातात व त्यांपासूनच रेशीम तयार होते.

आपल्या भागात तुतीशेजारी बहुधा कापूस असतो. कापसावरील कीटकनाशकाचे तुषार वाऱ्याने तुतीवर पडतात. असा पाला खाल्लेल्या अळ्या डोके वर करून वळवळतात, तोंडावाटे पाचक रस ओकतात आणि आखडून मरतात. विषाची मात्रा अल्प असल्यास अळी जगते. पण आतड्याच्या पेशींना इजा होऊन कोष हलका राहतो.

या इजेवर चीनमधील सूचो विद्यापीठात प्रयोग झाले. टायटॅनियम डाय-ऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण पाल्यावाटे अळ्यांना देण्यात आले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता एक नॅनोमीटर होतो. हे कण अशा मापाने मोजावे लागतात. ते आधी खाल्लेल्या अळ्यांत फॉक्सिम या कीटकनाशकाने होणारी आतड्याची हानी कमी झाली, कारण पेशींची विषास तोंड देण्याची शक्ती वाढली.

तथापि, हा प्रयोगशाळेतील अनुभव आहे. धातूंचे सूक्ष्मकण अधिक मात्रेत अपायही करतात. म्हणून बाजारातील कोणतेही चूर्ण किंवा द्रावण स्वतःच्या अंदाजाने पाल्यावर टाकू नये.

आज खात्रीचा उपाय म्हणजे निर्विष पाला. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

1. तुती व कापूस यांमध्ये अंतर सोडावे किंवा उंच पिकाचा अडसर करावा.
2. शेजाऱ्याशी बोलून फवारणीचा दिवस आधी जाणून घ्यावा.
3. कीटकनाशकाचा पंप तुतीसाठी अथवा संगोपनगृहात वापरू नये.
4. शंका असल्यास तो पाला प्रथम मोजक्या अळ्यांना घालून पाहावा.
5. विषबाधा दिसताच पाला काढावा, खिडक्या उघडाव्यात व ताजा निर्विष पाला द्यावा.

ग्रामसेवकांनी कापूस व तुती उत्पादकांस फवारणीपूर्वी एकत्र बसवावे. बिघडलेले आतडे दुरुस्त करण्यापेक्षा ते बिघडू न देणे केव्हाही स्वस्त पडते.