काळ्या बंपरची पन्नास वर्षे

जुन्या मोटारींच्या शौकात बंपर उतरविणे ही वरकरणी अगदी क्षुल्लक बाब होय; चार बोल्ट सैल करावेत, दोघांनी दोन टोकांना हात लावावा आणि जड पट्टी भिंतीला टेकवून ठेवावी, की काम संपले. परंतु ‘एमजीबी’ या छोट्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश गाडीच्या बाबतीत हीच क्षुल्लक कृती गेली पन्नास वर्षे एका चिवट वादाचे कारण होऊन बसली आहे. आणि त्या वादाचा मागोवा घेऊ लागलो की ध्यानात येते ते असे की, भांडण सौंदर्याचे आहे असे उभय पक्ष सांगत असले तरी, गाडीच्या आयुष्यातील कोणते वर्ष प्रमाण मानावयाचे, हाच त्यातला खरा तंटा आहे.

1962 साली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली, तेव्हा डॉन हेटर यांनी रेखाटलेल्या तिच्या अंगकाठीत उगीचच कोरलेले असे काहीच नव्हते. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत न अडखळता गेलेली एक रेषा, उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी, आणि त्या जाळीखाली सडपातळ क्रोमचा बंपर, एवढ्यावरच तिचे रूप उभे होते. धडकेपासून रक्षण करण्याचे सामर्थ्य त्या बंपरात बेताचेच असले, तरी पत्र्याची कडा जिथे संपते तिथे नजरेला थांबा देण्याचे काम तो चोख बजावीत असे. शर्यतीच्या मैदानावर मात्र त्याला प्रथमपासूनच रजा मिळाली होती. 1963 च्या ल मॉन्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचिसन यांनी चालविलेली एमजीबी बंपराविना, निमुळते लांबट नाक लावून धावली. वाळूत रुतून तासाहून अधिक काळ वाया गेला असतानाही एकंदर क्रमवारीत बारावी आणि आपल्या वर्गात पहिली आली. बंपर काढलेली एमजीबी ही कुणा हौशी पोराची टूम नव्हे, तिला कारखान्याच्याच वंशावळीत आधार आहे, असे जे सांगितले जाते ते याच कारणाने.

बंपर उतरविण्याची रीत अर्थातच याहून जुनी. महायुद्धापूर्वीच कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर वेग अजमावणारे तरुण आपल्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि बंपर वजन घटविण्यासाठी उतरवून ठेवीत. आणि युद्धोत्तर काळात लॉस एंजेलिसमधील जॉर्ज व सॅम बॅरिस या बंधूंसारख्या कारागिरांनी त्या व्यावहारिक काटछाटीला कलेची प्रतिष्ठा दिली. कंपनीची बोधचिन्हे उपटून त्यांची भोके वितळलेल्या शिशाने बुजवावीत (आपल्याकडचे डेंटर जिथे लांबी भरतात तिथे ते शिसे भरीत), टप कापून बुटका करावा, आणि मूळच्या बंपराच्या जागी 1937 च्या डिसोटो गाडीचा वळ्यावळ्यांचा बंपर आणून बसवावा, ही त्यांच्या काळची अभिरुची होती. तिच्यामागची भूमिका उघड आहे: कारखान्याने दिले ते अपुरे, त्यावर माझी मुद्रा उमटली पाहिजे. एमजीबीच्या मालकाची भूमिका याच्या नेमकी उलट होती, आणि तसे का झाले याचे उत्तर वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरात सापडते.

अमेरिकन परिवहन खात्याने 1973 च्या मॉडेलांपासून असे फर्मान काढले की, मोटार ताशी पाच मैल वेगाने पुढून आणि अडीच मैल वेगाने मागून अडथळ्यावर आदळली तरी तिचे दिवे, इंधनाची यंत्रणा वगैरे शाबूत राहिली पाहिजेत. पुढच्याच वर्षी मागच्या बाजूलाही पाच मैलांची अट लागू झाली. ताशी पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, सावकाश धावणाऱ्या माणसाचा वेग. या धडकेत माणसाचा जीव जात नाही, जातो तो दुरुस्तीचा खर्च. 1972 च्या ज्या कायद्याने या विषयाला पुढे बळकटी दिली, त्याच्या नावातच ग्राहकाच्या पैशाची बचत हा हेतू नमूद आहे. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, कारण वाहनतळावरच्या किरकोळ ठोकरीपायी शेकडो डॉलरांचा भुर्दंड सोसणाऱ्या सामान्य गृहस्थाची बाजू कुणीतरी घ्यावयास हवीच होती; पण मोठ्या अमेरिकन सेदान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले कलम इवल्याशा ब्रिटिश गाडीला लागू झाले, की जे व्हावयाचे तेच झाले.

प्रथम, तात्पुरता उपाय म्हणून, अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांच्या क्रोम बंपरावर रबराचे दोन अवाढव्य उंचवटे बसविण्यात आले. ब्रिटिश विनोदबुद्धीने त्यांना सबरीना या एके काळच्या नटीचे नाव तिच्या अंगलटीवरून बहाल केले, जे शिष्टाचाराला धरून होते असे म्हणवत नाही. मग 1974 च्या शरदात क्रोम साफच गेला आणि त्याच्या जागी पोलादी तुळईवर चढविलेला काळ्या पॉलियुरेथेनचा एकसंध बंपर आला, ज्याने जुनी जाळी गिळून टाकली आणि दिशादर्शक दिवेही आपल्याच पोटात घेतले. उंचीच्या नियमात बसावे म्हणून सबंध गाडी एक-दीड इंच वर उचलण्यात आली. त्यातच खर्च वाचविण्यासाठी पुढचा अँटी-रोल बार सरसकट देण्याचे थांबले, तो 1977 च्या गाड्यांवर परत येईपर्यंत वळणावर अंग टाकणारी गाडी असा तिचा लौकिक झाला. विशेष म्हणजे ज्या ब्रिटनमध्ये असा कायदा नव्हता तिथेही हेच रूप विकले गेले, कारण एकाच गाडीची दोन नाके घडविणे कंपनीला परवडणारे नव्हते. ऑक्टोबर 1980 मध्ये पाच लाखांहून अधिक गाड्या घडवून एमजीबीचे उत्पादन थांबले. आणि 1982 साली वॉशिंग्टनने ती पाच मैलांची अट अडीचवर आणली. ज्या कलमासाठी तिचे तोंड बदलले, ते कलम ती गेल्यावर दोन वर्षांत सैल झाले.

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत काळा बंपर उतरवून क्रोम चढविण्याचा एक उद्योगच उभा राहिला. हे काम वरून दिसते तितके सोपे नाही. काळा बंपर उतरविला की त्याच्यामागून शृंगारलेला पत्रा निघत नाही. बंपराच्या आड झाकले जाणार म्हणून कारखान्याने खालची झालर वगळलेली असते आणि मडगार्डाची खालची कड अपुरी सोडलेली असते. म्हणून जुन्या नमुन्याचे पत्रे आणून वेल्डिंग करावे लागते, दिशादर्शकांसाठी मडगार्डात नवी भोके पाडावी लागतात, जाळी नव्याने बसवावी लागते. एवढे करूनही उंची उतरविली नाही, तर नवे नाक लावलेली ती गाडी चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसते. आणि उंची उतरवावयाची तर पुढचा आडवा सांगाडा किंवा स्प्रिंगा बदलणे आले, शिवाय मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांच्या टांगण्याही निराळ्या असल्याने जुन्या पाट्या जशाच्या तशा बसत नाहीत. कित्येकांनी हा सारा खटाटोप टाळून ल मॉन्सचा दाखला देत बंपरच काढून टाकला आणि खाली फायबरची झालर लावली. मला विचाराल तर, अर्धवट क्रोमपेक्षा ही वाट अधिक प्रामाणिक.

या आवडीला सरकारी करानेही अजाणता खतपाणी घातले. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांना रस्ताकरातून मिळणारी माफी 1997 साली गोठविण्यात आली आणि 1 जानेवारी 1973 पूर्वी घडलेल्या गाड्यांपुरतीच राहिली. म्हणजे काळ्या बंपराची प्रत्येक एमजीबी कर भरी, आणि तिच्या बहुतेक क्रोमधारी थोरल्या बहिणी मोफत फिरत. 2014 साली चाळीस वर्षांची सरकती मुदत परत आली, आणि एकेक करून अखेरच्या गाड्याही त्या माफीत दाखल झाल्या. बाजारभावात क्रोमचे पारडे अजूनही जड असले, तरी न कापलेली, न बदललेली काळ्या बंपराची गाडी जपून ठेवणारा एक वर्ग आता तयार झाला आहे. त्याची बाजू मला पटू लागली आहे. हेटर यांची रेषा पुन्हा पाहावी ही पहिल्या पिढीची ओढ रास्त होती. पण 1974 ते 1980 ही सहा वर्षेही ॲबिंग्डनच्या कामगारांनीच घालविली, आणि उन्हाने करड्या पडलेल्या त्या पॉलियुरेथेनवर तेल-संकट, विमा कंपन्या आणि खंगत चाललेला ब्रिटिश उद्योग यांची जितकी स्पष्ट नोंद आहे तितकी क्रोमवर नाही. सगळ्याच गाड्यांचा क्रोम झाला, तर ती नोंद पाहावयास मिळणार कुठे?

आपल्याकडे असा कायदा त्या काळी नव्हता, म्हणून 1974 सालीच नामकरण झालेली प्रीमियर पद्मिनी पत्र्याचा चकचकीत बंपर मिरवीत मुंबईच्या रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षे निर्वेधपणे फिरली. आपला कायदा आला तो दुसऱ्या टोकाने. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्या सांगाड्यात, बॉडीच्या कवचात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. 1974 च्या गाड्या आता ती पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. तारुण्याच्या भरात ज्यांनी आपल्या पद्मिनीचा बंपर उतरवून माळ्यावर टाकला, आणि नंतर घर बदलताना भंगारवाल्याच्या हवाली केला, त्यांना तोच बंपर चोर बाजारात हुडकून, त्यावरचा गंज काढून, नव्याने क्रोमचा मुलामा देऊन घ्यावा लागतो. आणि त्या मुलाम्याचा दर ऐकून त्यातले पुष्कळसे निमूटपणे रंगाऱ्याकडून चंदेरी रंगाचा एक हात मारून घेतात.