भिंत नावाचे गाव

झाडावरून, देवावरून, नदीवरून गावाला नाव पडलेले आपण ऐकतो. भिंतीवरून पडलेले ऐकले आहे काय? अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यात असे एक गाव आहे. त्याचे नाव वॉल, म्हणजेच भिंत.

ही भिंत माणसाने बांधलेली नाही. मैलोगणती पसरलेल्या सपाट गवताळ मुलखात जमीन एकाएकी तुटते आणि खाली मातीच्या, ठिसूळ खडकाच्या कड्यांची रांगच्या रांग लागते. पावसापाण्याने लाखो वर्षे झिजून ती तशी झाली. तेथील लाकोटा लोक त्या भागाला ‘माको शिचा’, म्हणजे वाईट जमीन, म्हणत. पुढे गोऱ्यांनीही ‘बॅडलँड्स’ हेच नाव चालवले, आणि कड्यांच्या रांगेला ‘भिंत’ म्हटले. १९०७ साली रेल्वे आली, त्या भिंतीच्या उत्तरेला स्टेशनाभोवती गाव वसले आणि भिंतीचेच नाव त्याला मिळाले. आजूबाजूला गव्हाची शेती आणि गुरांचे कळप.

१९३१ च्या डिसेंबरात टेड हस्टेड आणि त्यांची पत्नी डोरोथी या जोडप्याने या गावातले औषधाचे दुकान विकत घेतले. वडिलांमागे मिळालेले ३,००० डॉलर त्यात घातले. गावची वस्ती तेव्हा ३२६. काळ कसला, तर मंदीचा! त्यात दुष्काळ आणि टोळ. शेतकऱ्याच्याच हाती पैसा नाही, तर दुकानदाराकडे कोठून येणार? दोघांनी ठरवले, पाच वर्षे पाहू. नाही जमले तर गाशा गुंडाळू.

पाचवे वर्ष उजाडले तरी दुकानात माशाच. १९३६ चा तो जुलै तर असा तापला, की साउथ डाकोटात एके ठिकाणी पारा १२० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सिअसवर गेला. एका रविवारी दुपारी डोरोथीबाई मुलांना घेऊन जरा आडव्या झाल्या. पण रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या खडखडाटाने डोळा काही लागेना. पश्चिमेला रशमोर डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले जात होते. ते आणि पलीकडचे यलोस्टोन पाहायला लोक चालले होते. बाईंच्या मनात आले, एवढ्या उन्हात या माणसांना हवे तरी काय? पाणी! गार पाणी. ते तर आपल्याकडे आहे.

टेडनी एका शाळकरी पोराला हाताशी धरून पाट्या रंगवल्या. एकेका पाटीवर दोन-चार शब्द, आणि शेवटी ‘बर्फाचे पाणी फुकट’. पाट्या रस्त्याकडेला ठोकून ते परत येतात तो दुकानात गिऱ्हाइके हजर! पाणी प्यायला आलेला माणूस आइस्क्रीम घेई, आणखी काही घेई. पुढल्या उन्हाळ्यात हाताखाली आठ मुली ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे पाणपोई घालणारा पुण्य जोडतो. या बाईंनी पुण्याबरोबर गिऱ्हाईकही जोडले, आणि त्यात वाईट काय?

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी या दुकानाच्या पाट्या परदेशी नेल्या. १९६५ साली हमरस्त्यांवरच्या फलकांना आळा घालणारा कायदा आला, तरीही वॉलच्या पाट्या पार संपल्या नाहीत. भिंतीचा तो मुलूख १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला, म्हणून प्रवासी अजून येतात.

गावची वस्ती आजही हजाराच्या आत आहे. पण त्या एका दुकानात पाचशेवर माणसे बसतील असे जेवणघर आहे, घोडेस्वारांचे बूट-टोप आहेत, पुस्तके आहेत, प्रवाशांसाठी प्रार्थनेची खोलीसुद्धा आहे. रस्त्याकडेला ८० फूट लांबीचा डायनासोर उभा केलेला आहे. तो पाहून पोरे गाडी थांबवायला लावतात. कॉफी पाच सेंटला, म्हणजे जवळजवळ फुकटच. आणि बर्फाच्या पाण्याला अजून पैसा पडत नाही.