बेबी कांबळे यांनी आत्मकथन लपवून का ठेवलं होतं?
फलटणच्या बेबी कांबळे (१९२९-२०१२) छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायच्या रद्दीतले पेपर वाचता वाचता त्या लिहू लागल्या. नवऱ्याच्या धाकाने हे लिखाण वर्षानुवर्षे लपवून ठेवलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आलं ते १९८६मध्ये.

पुस्तकात काय आहे?
महारवाड्यातली भूक, अंधश्रद्धा, सुनांचे हाल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे आलेली जाग.

काय नाही?
त्यांनी स्वतः सोसलेली नवऱ्याची मारहाण. ती त्यांनी सांगितली अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. २००८च्या इंग्रजी अनुवादात ती वाचायला मिळते.

मग ती पुस्तकात का नाही?
समाजाचं दुःख आपल्या दुःखापेक्षा मोठं, ही त्यांची भूमिका. म्हणूनच शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे.