मुलाची पत्रं, लेकीची जपणूक

रक्ताचा किंवा गाठीचा रिपोर्ट हातात पडला, की आपली नजर आकड्यांवरून भराभर खाली जाते. तळाशी एका डॉक्टरांची सही असते. हे डॉक्टर आपली नाडी बघत नाहीत की ‘जीभ दाखवा’ म्हणत नाहीत. ते आत, सूक्ष्मदर्शकाशी बसलेले असतात. हे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ. असे पडद्याआडचे गृहस्थ विद्यापीठाचे कुलगुरू झाले तर नवल वाटेल ना? पण आपल्या मुंबई विद्यापीठातच १९६० ते १९६३ या काळात डॉ. वसंत खानोलकर कुलगुरू होते आणि ते याच शास्त्रातले. आज सांगतेय ती हकिकत मात्र त्यांच्याही आधीच्या, जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्खो यांची. मेडिकलची मुलं त्यांना ‘व्हर्चो’ म्हणतात, तेच हे.

फिर्खो १८२१ साली पोमेरेनियातल्या शीफेलबाइन या लहानशा गावी जन्मले. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शेती करायचे आणि गावचे खजिनदारही होते, पण घरात पैशाची ओढाताणच असायची. त्यामुळे १८३९ साली हा एकुलता एक मुलगा बर्लिनला गेला तो लष्करी डॉक्टरांच्या संस्थेत. तिथे शिक्षण फुकट, मात्र पुढे सैन्यात नोकरी करायची, असा करार.

तेव्हापासून १८६४ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, तो घरी पत्रं लिहीत राहिला. आई-वडिलांना लिहिलेली ही पत्रं त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९०६ साली पुस्तकरूपाने निघाली. ती संपादित केली होती त्यांच्या मुलीने, मारी राबल हिने.

आता तुम्ही म्हणाल, थोर माणसाची पत्रं म्हणजे उपदेशच असणार. तसं मुळीच नाही. विशीतल्या मुलाने वडिलांशी घातलेला वादही त्यात आहे. तुला तुझ्या ज्ञानाचा गर्व झालाय, असं वडिलांचं म्हणणं होतं. त्यावर मुलाने १८४२ साली कळवलं, की आपल्याला किती कमी कळतं हे मला पुरतं दिसतं. उलट म्हणूनच मी एकाच विषयावर स्वस्थ बसू शकत नाही. शिकायला बाहेरगावी गेलेला मुलगा आणि घरी काळजी करणारा बाप, यांच्यातला हा संवाद आपल्याला काही परका नाही!

१८४८ साली सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसची साथ बघायला पाठवलं. (हा टायफस वेगळा, आपला टायफॉइड नव्हे.) फिर्खोंनी तीन आठवडे ती उपासमार आणि दैना पाहिली. परत येऊन दिलेल्या अहवालात त्यांनी औषधांची यादी दिली नाही. लोकांना शिक्षण द्या, त्यांच्या भाषेत द्या, रस्ते बांधा, करांचा बोजा कमी करा, कारभार लोकांच्या हाती द्या, असं सरळ लिहिलं. लगेच मार्चमध्ये बर्लिनात उठाव झाला. त्याची हकिकतही वडिलांना कळवली आहे, आणि बढाई न मारता. अडथळे उभारायला हातभार लावला, पण हाती आलं ते नुसतं पिस्तूल; सैनिक लांबून गोळ्या झाडत होते, तेव्हा माझा फारसा उपयोग झाला नाही, अशा अर्थाचं ते पत्र आहे.

या राजकारणापायी १८४९ साली बर्लिनमधली जागा गेली. वुर्ट्सबुर्गला प्राध्यापकी मिळाली, १८५० साली रोझ मायर हिच्याशी लग्न झालं, पुढे सहा मुलं झाली. १८५६ साली बर्लिनने त्यांना परत बोलावलं. दोनच वर्षांनी त्यांची पेशी-विकृतिशास्त्रावरची व्याख्यानं प्रसिद्ध झाली. रोग म्हणजे शरीरात शिरलेलं काही गूढ नव्हे, तो पेशींमधला बिघाड आहे. आणि प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हा त्यांचा सिद्धांत. आज गाठीचा इवलासा तुकडा तपासायला जातो, त्यामागे हाच विचार आहे. ‘ल्युकेमिया’ हे नावही त्यांनीच दिलेलं.

शिवाय ते बर्लिनच्या नगरसभेत होते. शहराची भुयारी गटारं व्हावीत आणि डुकराचं मांस तपासूनच विकलं जावं, म्हणून ते झगडले. ज्या शहरातून त्यांना जावं लागलं होतं, तिथल्याच विद्यापीठाचे ते १८९२ साली रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, झाले. वय एकाहत्तर. पहिल्या भाषणाचा विषय होता शिकणं आणि संशोधन करणं.

पण वडिलांचा तो आरोप अगदीच खोटा होता का? बाळंतपणात बायका तापाने जात. व्हिएन्नात डॉ. सेमेल्वाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम घटले. तरी फिर्खोंनी सुरुवातीला त्यांचं म्हणणं मानलं नाही. रोगजंतूंबद्दलही ते फार काळ साशंक राहिले. निअँडरथल मानवाची कवटी पाहून त्यांनी ती आजारी माणसाची ठरवली. जन्मभर रोग बघणाऱ्या नजरेला तिथेही रोगच दिसला! आपल्याला किती कमी कळतं, असं विशीत लिहिणाऱ्या माणसाला मोठेपणी तेच दिसलं नाही. त्या नकाराची झळ मात्र बाळंतिणींना बसली.

हे सगळं आपण ताडून बघू शकतो ते त्या पत्रांमुळे. १८९९ साली फिर्खोंनी वीस हजारांहून अधिक नमुन्यांचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात त्यातलं बहुतेक सगळं नष्ट झालं. बरण्या फुटल्या, पण मुलीने छापलेली पत्रं उरली. त्यांचे बाकीचे कागद बर्लिनच्या विज्ञान अकादमीच्या संग्रहात आहेत. मारीला वाटलं असतं तर कौतुकाची पत्रं तेवढी ठेवून वादाची काढून टाकता आली असती. तिने तसं केलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या घरातही ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रं असतात. दिवाळीच्या साफसफाईत ‘ख्यालीखुशाली’ची ठेवायची आणि रुसव्याफुगव्याची बंबात घालायची, ही आपली पद्धत. मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला जरा थांबा. पत्रांच्या पिना काढा, त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नका, तिचे डाग पडतात. कोणी, कधी, कुणाला लिहिलं ते मऊ पेन्सिलीने मागे लिहा आणि पत्रं कोरड्या डब्यात ठेवा. आणि भांडणाचं पत्र आधी ठेवा. आपलं माणूस कसं होतं ते पुढच्या पिढीला त्यातूनच कळेल. मोबाइलवरचे निरोप तर डोळ्यांदेखत पुसले जातात. कागद मात्र कुणीतरी जपला, तर टिकतो.